जुनी एफजे, नवा संसार: फोर-व्हील व्हॅनचा कॅम्पर करताना काय बदलावं, काय तसंच ठेवावं



आजची गाडी तुमच्यापैकी काहींनी लहानपणी पाहिली असेल, पण तिचं नाव पटकन आठवणार नाही. पुढून सपाट, बॉनेट नावालाही नाही, ड्रायव्हर जवळजवळ पुढच्या चाकावरच बसलेला, आणि खाली मात्र जीपची उंच चाकं. ही महिंद्राची एफजे ४६०. दिसायला शाळेची जुनी मिनीबस, पण माझ्या गाडीची चारही चाकं ओढतात. इंदूरला आमच्या घरामागच्या शेडमध्ये तीन वर्षं ती सुटी होऊन पडली होती. आज ती आमच्या तिघांचं फिरतं घर आहे.

गाडी रस्त्यावर उभी केली की लोक येतात आणि ठरलेले प्रश्न विचारतात. आत किचन आहे का? फ्रिज चालतो का? नवं इंजिन टाकलं का? ‘थांबते कशी?’ हे मात्र कोणी विचारत नाही. आज मी या न विचारलेल्या प्रश्नांबद्दलच बोलणार आहे, कारण आत बायको आणि मुलगी झोपलेली असते तेव्हा कपाटाला कोणतं सनमायका लावलंय याला काही अर्थ उरत नाही.

एक फरक सुरुवातीलाच समजून घेऊ. जुन्या गाडीवर आपण दोन वेगळी कामं करतो आणि दोन्हींना एकच नाव देतो. दुरुस्ती म्हणजे गाडीला तिची मूळ ताकद परत देणं. सुधारणा म्हणजे तिला मुळात जे जमत नव्हतं ते शिकवणं. माझा नियम असा: दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत सुधारणेला हात लावायचा नाही. आणि सुधारणा करायची ती दोनच कारणांसाठी. एकतर जिवाचा धोका कमी व्हावा, किंवा ती उद्या बोल्ट खोलून काढता यावी. या दोन्हींत न बसणारी गोष्ट मी सोडून दिली.

ही गाडी आली कुठून

अमेरिकेत विलीज कंपनीनं १९५६ च्या अखेरीला ‘फॉरवर्ड कंट्रोल’ नावाची जीप आणली. आकार ब्रूक्स स्टीव्हन्स या डिझायनरचा. कल्पना साधी होती. जीपची चासी घ्यायची, इंजिन तिथेच ठेवायचं आणि ड्रायव्हरला उचलून इंजिनाच्या शेजारी, पुढे आणून बसवायचं. बॉनेटनं खाल्लेली सगळी जागा मागे मोकळी होते. एफसी-१५० या मॉडेलची दोन अ‍ॅक्सलमधली लांबी ८१ इंच, म्हणजे सीजे-५ जीपइतकीच, पण मागचा हौदा ७४ इंच लांब. सहा फूट दोन इंच! एवढ्याशा जीपवर माणूस पाय पसरून झोपू शकेल इतकी जागा. अमेरिकेत या गाड्या १९६५ मध्ये बंद झाल्या.

महिंद्रानं मुंबईत माझगावला १९४९ मध्ये विलीज जीपची जुळणी सुरू केली होती. पुढे हे फॉरवर्ड कंट्रोलचं घराणंही भारतात आलं आणि त्याच घराण्यातून एफजेच्या व्हॅन आणि मिनीबस निघाल्या. माझ्या गाडीत प्यूजोच्या परवान्यावर बनलेलं एक्सडीपी ४.९० डिझेल इंजिन आहे. २,११२ सीसी, साधारण ६२ अश्वशक्ती. तेच इंजिन एमएम ५४० जीपमध्येही होतं. म्हणून लायनर, पिस्टन, नोझल, बेअरिंग यांसाठी रडावं लागत नाही. दिल्लीचं काश्मिरी गेट किंवा हरियाणातली मंडी डबवाली, जिथे जुन्या जीपांचा सगळा बाजार भरतो, तिथे शोधलं की सापडतं. सापडत नाही तो बाहेरचा पत्रा, दारांच्या कड्या आणि काचांचं रबर. त्यामुळे अशी गाडी विकत घेताना इंजिन बिघडलेलं असलं तरी चालेल, पण बॉडी पुरी असायला हवी.

या रचनेचे तीन स्वभाव लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्यांवरच उभं आहे. एक, ड्रायव्हर, इंजिन आणि गिअरबॉक्स सगळे पुढे, त्यामुळे रिकाम्या गाडीचं नाक जड. दोन, इंजिन तुमच्या खोलीत, दोन सीटांच्या मध्ये, एका झाकणाखाली. तीन, गाडी उंच आणि अरुंद. आता कामाला लागू.

पहिलं काम कागदांचं

पाना उचलण्याआधी आरसी हातात घ्या. चासीवर ठोकलेला नंबर आणि आरसीवरचा नंबर अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. इंजिन नंबरही. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं. बरीच वर्षं शेडमध्ये पडलेल्या गाडीचं हे नूतनीकरण राहिलेलं असतं. दुसऱ्या राज्यातून आणत असाल तर एनओसी हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. दिल्ली आणि एनसीआरमध्ये जुन्या डिझेल गाड्यांचे नियम वेगळे आणि कडक आहेत. माझी गाडी त्या भागात मी नेतच नाही. हिमाचलला जाताना मार्ग बाहेरून आखतो.

आता कलम ५२. मोटार वाहन कायद्याच्या या कलमानुसार आरसीवरच्या माहितीत आणि निर्मात्याच्या मूळ नोंदीत फरक पडेल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हे स्पष्ट केलं. इंजिन बदलायचं तर आधी आरटीओची परवानगी. छत कापून उंच करायचं, चासी वाढवायची, असले प्रकार तर डोक्यातून काढून टाका. कारखान्यातून कॅम्पर म्हणून निघणाऱ्या गाड्यांसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. घरच्या शेडमध्ये बनवलेल्या गाडीला ते आपोआप लागू होत नाही. म्हणून माझ्या गाडीत सीटांचे मूळ पाय जागेवर आहेत, आरसीवरची आसनसंख्या तीच आहे, आणि बिछाना ही एक घडीची चौकट आहे. चार बोल्ट सोडले की ती सामानासारखी बाहेर येते.

पुष्कळ जण म्हणतात, मग व्हिंटेज म्हणून नोंदवा ना! २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीला गाडी ५० वर्षांहून जुनी लागते आणि मूळ स्वरूपात लागते. शिवाय तशी नोंदलेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल, इंधन भरणं एवढ्यापुरतीच. म्हणजे तिच्यातून संसार घेऊन स्पितीला जाणं हा तिचा उपयोगच नव्हे. कॅम्पर हवा असेल तर साधी खासगी नोंदणी जिवंत ठेवणं हाच मार्ग.

आणि रंग! जुनी जीप दिसली की लष्करी हिरवा मारायची हौस सगळ्यांना येते. केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन हा रंग संरक्षण दलांसाठी राखीव आहे. आमची गाडी दुधी पांढरी आहे. उन्हात आत कमी तापते हा वरचा फायदा.

सांगाडा: हातोडी खोटं बोलत नाही

चासीवर नवा काळा रंग दिसला की मला आनंद होत नाही, शंका येते. लहान हातोडी घ्या आणि चासीवर फूट-फूट अंतरानं टकटक करा. निरोगी लोखंड खणखणीत वाजतं. आतून खाल्लेलं लोखंड बद्द आवाज देतं. पाट्यांचे हँगर, स्टिअरिंग बॉक्स जिथे बसतो तो भाग आणि चासीचे आडवे गज जिथे जोडले आहेत ते सांधे, हे तीन ठिकाणं आधी. तिथे चिखल साचतो, ओल राहते.

गंज लागलेल्या चासीवर वरून पट्टी ठेवून वेल्डिंग करणारे खूप भेटतात. खाली गंज तसाच राहतो आणि आता तो दिसतही नाही. सडलेला भाग कापून चांगलं लोखंड लागेपर्यंत मागे जायचं, त्याच जाडीचा पत्रा घ्यायचा, आणि जोड आडवा सरळ न घेता तिरका घ्यायचा, म्हणजे ताण एका रेषेवर येत नाही. वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडायच्या. डिझेलची टाकी उतरवायची. ‘पाचच मिनिटांचं काम आहे’ असं म्हणणाऱ्या वेल्डरला चहा पाजायचा, पण टाकी उतरवल्याशिवाय पेटवू द्यायचं नाही.

बॉडी चासीवर रबरी गुटक्यांवर बसते. हे गुटके दगड झालेले असतात. ते नवे टाकले की अर्धा खडखडाट जातो. मग पाटे, शॅकल, बुश. पुढच्या अ‍ॅक्सलवर चाक वळतं त्या गोळ्यात वरखाली दोन किंग पिन बेअरिंग असतात आणि त्यांचा घट्टपणा पातळ शिम टाकून ठरवतात. ही बेअरिंग सैल झाली की साठच्या वेगाला खड्डा लागताच स्टिअरिंग दोन्ही बाजूंना थडथडायला लागतं. लोक मग चाकांचं बॅलन्सिंग करत बसतात, नवा डँपर लावतात. आधी शिम तपासा. जॅकवर चाक उचलून वरून आणि खालून धरून हलवलं की दोन मिनिटांत कळतं.

आणखी एक गोष्ट. या गाडीला दोन अ‍ॅक्सलच्या मध्ये डिफरन्शियल नाही. फोर-व्हील टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधले जातात. वळणावर पुढची चाकं मोठं वर्तुळ कापतात, मागची लहान. मातीत चाक थोडं घसरून हा फरक फेडतं. डांबरावर घसरायला जागा नसते, मग ताण गिअरांवर जातो. म्हणून सुक्या रस्त्यावर टू-व्हील, आणि चिखल, बर्फ, वाळू, सुट्या दगडांत फोर-व्हील. हे हँडल कधी ओढायचं हे माहीत असणं ही फुकटची सुधारणा आहे.

आधी थांबायचं, मग पळायचं

घाट उतरताना ब्रेक नेमकं काय करतात? उंचीची उष्णता करतात. हिशेब सांगतो. दोन टनांची गाडी एक हजार मीटर खाली उतरवली, तर जी ऊर्जा बाहेर टाकावी लागते तिच्यात साधारण साठ लिटर पाणी उकळीला येईल. एवढी उष्णता चार ड्रममध्ये कोंबली तर ड्रम तापून फुगतो, शूचं घर्षण कमी होतं, आणि ब्रेकच्या तेलात पाणी असेल तर त्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. पेडल सरळ तळाला जातं.

ब्रेकचं तेल हवेतून पाणी ओढतं, म्हणून जुनं होतं. डॉट ३ तेलाचा उत्कलनबिंदू नवेपणी किमान २०५ अंश असावा लागतो, पाणी मुरल्यावर तो १४० पर्यंत खाली येतो. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. दर दोन वर्षांनी तेल बदलण्याइतकी स्वस्त सुरक्षा दुसरी नाही.

ब्रेकमध्ये मी दोन सुधारणा केल्या. माझ्या गाडीत चारही चाकांना एकच तेलवाहिनी होती. एक नळी फुटली की चारही चाकं गेली. तिथे दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर बसवला. पुढची चाकं एका कप्प्यावर, मागची दुसऱ्यावर. एक फुटला तरी दुसरा उरतो. दुसरी सुधारणा म्हणजे व्हॅक्यूम बूस्टर. पेट्रोल इंजिनाला निर्वात फुकट मिळतं, कारण हवेच्या वाटेत झडप असते. डिझेलला ती झडप नसते, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. पंप न लावता बूस्टर टाकला तर तो पत्र्याचा शोभेचा डबा होतो. ही दोन्ही कामं मी आधी लेखी विचारून आणि गाडी तपासणीला दाखवून केली.

उतारावर तरीही खरं काम गिअरनंच करायचं. ट्रान्सफर केसचा लो गिअर वेग साधारण अडीचपट कमी करतो. लो गिअर हा चिखलातून निघण्याइतकाच खडकाळ उतारावर सावकाश उतरण्यासाठीही असतो. डांबरी घाटात मात्र ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा जुन्या ट्रकवाल्यांचा नियम.

खोलीतलं इंजिन

आता दुसऱ्या स्वभावाकडे येऊ. तुमच्या बेडरूममध्ये डिझेल इंजिन आहे. त्याचं झाकण ही गाडीतली सगळ्यांत महत्त्वाची भिंत. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट गळत असेल आणि झाकणाचं रबर वाळलेलं असेल, तर धूर थेट केबिनमध्ये येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट धरतो. डोकं दुखतं, गुंगी येते, आणि गुंगी येते म्हणूनच माणूस उठत नाही.

त्यामुळे हा क्रम मोडू नका. आधी मॅनिफोल्डचा पृष्ठभाग लेथवर सपाट करून नवं गॅस्केट. मग एक्झॉस्टचा शेवट बॉडीच्या मागच्या कडेच्या बाहेर. मग झाकणाला चौफेर नवं रबर आणि ओढून बसणारे क्लॅम्प. त्यानंतर झाकणाच्या आतून आवाज आणि उष्णता अडवणारा थर, तोही न जळणारा. आणि शेवटी छतापासून वीतभर खाली नाही, तर झोपल्यावर नाक येतं त्या उंचीला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म.

डोंगरात थंडी वाजते म्हणून बंद गाडीत शेगडी, सिगडी, कोळसे पेटवून झोपणारे लोक दर हिवाळ्यात दगावतात. आमच्या गाडीत झोपताना कोणतीही उघडी ज्योत नाही, हा घरचा कायदा आहे. ऊब हवी तर ज्याची हवा बाहेरून येते आणि धूर बाहेरच जातो असा बंदिस्त डिझेल हीटर, किंवा सरळ चांगली रजई. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीवर साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक हवं, खिडकी पुरत नाही.

डोंगरावर ६२ घोडे किती उरतात

कुंझुम खिंडीच्या उंचीला, म्हणजे साधारण साडेचार हजार मीटरवर, हवा समुद्रसपाटीच्या दोनतृतीयांशापेक्षाही थोडी विरळ असते. टर्बो नसलेलं इंजिन तेवढंच ओढतं. आमचे ६२ घोडे तिथे चाळिशीच्या आसपास उरतात. पंप मात्र डिझेल पूर्वीइतकंच सोडत राहतो, त्याला जाळायला हवा पुरत नाही, म्हणून काळा धूर निघतो. उपाय पायाखाली आहे. अ‍ॅक्सिलरेटर थोडा सोडायचा, गिअर खाली घ्यायचा. दाबून धरल्यानं वेग वाढत नाही, फक्त धूर आणि तापमान वाढतं.

त्याच उंचीवर उघडं पाणी साधारण ८५ अंशांनाच उकळतं. मग रेडिएटर का उकळत नाही? झाकणामुळे. माझ्या रेडिएटरचं झाकण ७ पीएसआयचा दाब धरतं, आणि तेवढ्या दाबानं उकळण्याची पातळी पुन्हा शंभरच्या आसपास येते. म्हणजे झाकणाचं रबर गेलं तर इंजिन चांगलं असूनही खिंडीत गाडी उकळणार. बहुतेक लोक नवा मोठा रेडिएटर बसवतात आणि झाकण जुनंच लावतात. मी रेडिएटर साफ करून घेतला, कूलंट आणि पाणी निम्मंनिम्मं घातलं, आणि नवी दोन झाकणं घेतली. एक गाडीवर, एक डब्यात.

सकाळी थंडीत हे इंजिन हीटर प्लगशिवाय पकडत नाही, कारण याच्यात डिझेल आधी एका लहान पोकळीत जळतं आणि ती पोकळी गार असते. चारही प्लग एकेक करून तपासा. कडाक्याच्या थंडीत साध्या डिझेलमध्ये मेण धरतं आणि फिल्टर चोंदतो. लडाखसाठी इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये खास हिवाळी डिझेल आणलं ते याचसाठी. तिथे जाताना टाकी मैदानातल्या डिझेलनं भरून नेण्याचा मोह आवरा.

वजनाची वही

आता, म्हणजे गाडी थांबायला, वळायला आणि श्वास घ्यायला लागल्यावर, घर बांधायचं. त्यासाठी मी एक वही केली. गाडीत जाणारी प्रत्येक वस्तू आधी घरच्या काट्यावर.

बिछाना आणि कपाटं ४८ किलो. भरलेली पाण्याची टाकी ६६. बॅटरी, वायरिंग आणि सोलर पॅनेल मिळून ३४. फ्रिज १४. शेगडी आणि लहान सिलिंडर १३. हत्यारं आणि सुटे भाग ४५. एकूण २२०. म्हणजे तीन-साडेतीन माणसं. ही गाडी मुळात भरपूर माणसं वाहण्यासाठी बनली आहे, आम्ही तिघंच बसतो, त्यामुळे हिशेब जमतो. वही नसती तर हा आकडा सहज दुप्पट झाला असता. १८ एमएमच्या आठ बाय चार प्लायच्या एका शीटचं वजन ३० किलोच्या पुढे जातं, ९ एमएमचं त्याच्या निम्मं. घरच्या फर्निचरचा सुतार १८ च लावतो, कारण त्याच्या कपाटाला घाट चढायचा नसतो.

मग धरमकाट्यावर जा. आपण वजनकाटा म्हणतो तो, इकडे सगळे धरमकाटा म्हणतात. आधी फक्त पुढची चाकं चढवून वजन घ्या, मग पूर्ण गाडीचं. वजाबाकी केली की मागच्या अ‍ॅक्सलवर किती आहे ते कळतं. रिकाम्या एफजेचं निम्म्याहून जास्त वजन पुढे निघालं. उतारावर जोरात ब्रेक मारला की मागची चाकं हलकी होतात, त्यांची पकड जाते. म्हणून पाण्याची टाकी आणि हत्यारांची पेटी मी बरोबर मागच्या अ‍ॅक्सलच्या वर, आणि जमिनीलगत ठेवली. टाकीत आडवे पडदे आहेत, नाहीतर वळणावर पाणी एका बाजूला धावतं आणि गाडीला ढकलतं. जी गोष्ट अशीही न्यायचीच होती, तिनंच गाडीचं नाक हलकं केलं.

छतावर फक्त सोलर पॅनेल. छतावरचा तंबू, स्टेपनी, डिझेलचे कॅन नाहीत. उंच आणि अरुंद गाडीच्या डोक्यावर शंभर किलो ठेवले तर तिरक्या रस्त्यावर ते दहापट बोलतात.

विजेची वही

हिशेब तसाच, फक्त किलोऐवजी वॅट-तास. फ्रिज दिवसाला साधारण ३५०. पंखा १५ वॅट, सहा तास, म्हणजे ९०. दिवे ४०. मोबाइल आणि लॅपटॉप १००. एकूण ५८०. १०० अँपिअर-तासांच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत साधारण १,२८० मावतात, म्हणजे ढगाळ हवेतही दोन दिवस. २०० वॅटचं पॅनेल बऱ्या उन्हात दिवसाला सहाशेच्या आसपास देतं. जमलं. यापेक्षा मोठं काही लागत नाही, हे वहीनं सांगितलं.

तीन गोष्टी मात्र पक्क्या ठेवा. ही बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करायची नसते, आतून कायमची बिघडते. म्हणून ती केबिनमध्ये, आणि थंडीत चार्जिंग आपोआप तोडणाऱ्या बीएमएससह. दुसरं, ती अल्टरनेटरला थेट जोडायची नाही. ती इतका करंट ओढते की कमी फेऱ्यांवर अल्टरनेटर जळू शकतो. मध्ये डीसी-डीसी चार्जर लावा, माझा २० अँपिअरचा आहे. तिसरं, वायरची जाडी. बारा व्होल्टला २० अँपिअर पाच मीटर न्यायचे असतील तर २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत जाऊन-येऊन जवळजवळ दीड व्होल्ट वाटेतच संपतो आणि वायर तापते. १० च्या वायरीत तोच तोटा एकतृतीयांश व्होल्टवर येतो. आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर, कारण फ्यूज उपकरणाला वाचवण्याआधी वायरीला वाचवतो.

ओल विसरू नका. दोन-तीन माणसांच्या श्वासातून रात्रभरात ग्लासभर तरी पाणी गार पत्र्यावर जमतं. पत्र्याच्या आत कापूस किंवा नमदा भरला तर तो हे पाणी पितो आणि बॉडी आतून सडते. बंद पेशींचा रबरी फोम थेट पत्र्यावर चिकटवा, आणि एक झरोका खाली, एक वर, रात्रीही थोडा उघडा. थंडी वाजली तर टोपी घाला.

जे बदललं नाही

इंजिन बदललं नाही. अनेकांनी आधुनिक टर्बो इंजिनाचा आग्रह धरला. दुप्पट ताकद आली असती, हे खरं. पण ती ताकद जुन्या गिअरबॉक्सला, अ‍ॅक्सलला आणि ब्रेकला पेलावी लागली असती, मग तेही बदला. शेवटी आरसीवर एफजे आणि खाली दुसरीच गाडी. शिवाय या इंजिनात संगणक नाही. स्पितीतल्या एखाद्या गावात ते बंद पडलं तर ट्रॅक्टर दुरुस्त करणारा मिस्त्रीही ऐकून सांगू शकतो की डिझेलमध्ये हवा धरली आहे. ताशी ६० ही या गाडीची खुशीची चाल आहे. आम्ही दिवसाला अडीचशे किलोमीटरच आखतो.

डॅशबोर्डचे मूळ मीटर, सरकत्या काचा, पुढचा सपाट चेहरा, सगळं तसंच आहे. अशा गाड्या आता फार उरलेल्या नाहीत, आणि बहुतेक भंगारात किलोनं जातात. ज्या थोड्या वाचतात, त्यांतल्या अर्ध्या हौसेखातर कापल्या जातात. कापलेली गाडी पुन्हा मूळ होत नाही. आमच्या एफजेचा बिछाना, टाकी, बॅटरी, सगळं एका दिवसात बोल्ट सोडून बाहेर येतं. उद्या ती कोणाकडे गेली तर त्याला एक पूर्ण गाडी मिळेल, आणि काय जोडलं होतं त्याची वहीही.

तेव्हा क्रम लक्षात ठेवा: कागद, सांगाडा, ब्रेक, धूर, थंडावा, वजन, वीज. गादीचं कापड सगळ्यांत शेवटी. तुमच्याकडे, तुमच्या गावात, एखाद्या शाळेच्या किंवा चहामळ्याच्या शेडमध्ये अशी सपाट तोंडाची जीप उभी असेल तर आधी तिचा चासी नंबर वाचा आणि हातोडी वाजवून पाहा. आवाज खणखणीत आला तर ती अजून भंगार नाही.

पुढच्या भागात ट्रान्सफर केस उघडून आतले गिअर एकेक करून दाखवणार आहे. हात काळे करायची तयारी ठेवून या. नमस्कार.